तिरंग्याच्या तिकिटावर शिक्का मारला की अपमान?

गंजकी पेटी
काल एकाने लिहिलं होतं: "तिरंग्याचं तिकीट लोक चाटून चिकटवतात, वर पोस्टाचा काळा शिक्का बसतो. हा ध्वजाचा अपमान आहे, असली तिकिटं बंद करा." तेव्हापासून डोकं भणभणतंय. अहो, स्वतंत्र भारताचं पहिलंवहिलं तिकीटच तिरंग्याचं होतं! २१ नोव्हेंबर १९४७, साडेतीन आणे, कोपऱ्यात 'जय हिंद'. छापलं आपल्या नाशिकलाच. तेव्हा सरकारात बसलेल्या अनेकांनी तुरुंग भोगले होते. त्यांना ध्वजाचा मान कळत नव्हता आणि तुम्हाला कळतो?

कलमकसाई
तावातावाने लिहिण्याआधी कायदा वाचा. राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणाऱ्या १९७१च्या कायद्यात 'ध्वज' म्हणजे नुसतं कापड नाही, त्याचं चित्र आणि छायाचित्रही त्यात धरलंय. ध्वजावर अक्षरं उमटवणं हा अवमान. शिक्क्यात अक्षरं नसतात तर काय रांगोळी असते?

गंजकी पेटी
चित्राचं माहीत नव्हतं. मान्य, वाटा पेढे. पण तिकीट पुन्हा वापरू नये म्हणून शिक्का मारतात हो, ध्वज विटाळायला नाही. तुमच्या हिशेबाने १९४७ सालचा प्रत्येक पोस्टमन गुन्हेगार!

कुरकुरे काकू
शिक्का मारायला आधी तिकीट तर मिळायला हवं. भावाला राखी पाठवायला गेले, खिडकीवरच्या बाईने बारकोडची चिठ्ठी चिकटवली. छानसं तिकीट लावा म्हटलं, तर माझ्याकडे अशी बघितली की जणू मी किडनी मागितली. रजिस्टर पोस्टही २०२५मध्ये स्पीड पोस्टात घातलं. अपमान व्हायला तिकिटं उरलीत कुठे?

सूतकताई
अपमानच हवा ना? मग हा घ्या. गांधीजींची पहिली चार तिकिटं १५ ऑगस्ट १९४८ला निघाली, छापली स्वित्झर्लंडमध्ये! ज्याने परदेशी कापडाच्या होळ्या केल्या, त्याचाच चेहरा परदेशातून छापून आणला. तेव्हा कुणाला लाज वाटली नाही.

नाशिकरोडकर
नाशिकच्या सरकारी प्रेसला नावं ठेवायची नाहीत. आजोबा तिथे होते, शाई नखांतून कधी गेली नाही त्यांच्या. जेवायला बसले की आजी आधी हात बघायची. फोटोग्राव्ह्युअरची, म्हणजे कोरलेल्या धातूच्या सिलिंडरवरून फोटोसारखी बारीक छपाई तेव्हा आपल्याकडे नव्हती, म्हणून बाहेर दिली. १९५२ला तीच पद्धत नाशिकमध्ये आली आणि संत आणि कवींच्या तिकिटांची मालिका निघाली.

सूतकताई
प्रेसला कोण बोललं? मी दिल्लीला बोलतोय. तिरंगा नाशिकला जमतो, मग गांधी का नाही जमत?

इंद्रायणीकाठ
थांबा, त्या मालिकेचं नाव काढलंत म्हणून. कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब, टागोर. सहांत एकही मराठी नाही! छापणार नाशिकचे आणि ज्ञानोबा-तुकोबा बाहेर. नामदेवांना १९७० उजाडलं.

नाशिकरोडकर
आता यात प्रेसचा काय दोष?

इंद्रायणीकाठ
दोष नाही म्हटलं. जळतं एवढंच म्हटलं.

कलमकसाई
धागा तिरंग्याचा आहे, वारीला निघालात का? आणि त्या साडेतीन आण्यांचं फार कौतुक नको. ते तिकीट परदेशी टपालासाठी होतं. देशातल्या पत्रांवर इंग्रजांचा राजा सहावा जॉर्ज खुशाल चालू होता. देशभक्ती निर्यातीची!

गंजकी पेटी
अर्धवट सांगू नका. १५ डिसेंबरला दीड आण्याचा अशोकस्तंभ आला, तो देशातल्याच पत्रांसाठी. आणि निर्यात तर निर्यात! आमच्या चुलत आजोबांना नैरोबीला घरून गेलेलं एक पाकीट माझ्याकडे आहे. तिकीट जरा तिरकं लागलंय, शिक्क्याची कड नेमकी चक्रावरून गेलीय. ते म्हणायचे, पाकीट हातात पडलं तेव्हा मजकूर नंतर वाचला, आधी दुकानातल्या सगळ्यांना तिकीट दाखवलं. करा त्या शिक्क्यावर खटला.

कुरकुरे काकू
फोटो टाका की.

सूतकताई
विकणाऱ्यांपासून जपा मात्र. तिकिटावर १५ ऑगस्ट १९४७ छापलंय, त्यामुळे 'स्वातंत्र्यदिनी निघालेलं' म्हणून गळ्यात मारतात. मी एकदा फसलोय.

कलमकसाई
कायदा मी म्हटला तसाच आहे, त्यावरून हलणार नाही. नैरोबीच्या पाकिटापुरती सूट देतो. बाकी, अपमान न झालेलं, म्हणजे कोरं, कुणाकडे जादा असेल तर किंमत कळवा.