जेवल्यावर मुलाची छाती धडधडते, इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आहे, खरंच पोटामुळे होतं का?

सोलापूरची_आई:
मुलगा १३ वर्षांचा आहे, आठवीत. दोन महिने झाले, रात्री जेवून आडवा झाला की म्हणतो आई छातीत धडधडतंय, मधेच ठोका चुकल्यासारखा होतो आणि मधोमध जळजळतं. पहिल्यांदा झालं तेव्हा रात्री साडेअकराला रिक्षा करून दवाखान्यात नेला, माझेच हातपाय गळाले होते. ईसीजी काढला, नंतर टूडी इको केला, दोन्ही नॉर्मल. आता डॉक्टर म्हणतात पित्ताचं आहे, पॅन्टोप्राझोल आणि डोम्पेरिडोन एकत्र असलेली गोळी चालू आहे. क्लासवरून नऊला येतो, येताना वडापाव खाल्लेला असतो, मग दहाला जेवण की लगेच अंथरुणात. पण पोटामुळे छाती कशी धडधडेल? कोणाच्या मुलांना झालंय का असं?

निशिगंध:
ताई, माझ्या मुलीला १५व्या वर्षी जिना चढला तरी धडधडायचं, आम्ही पण आधी हृदयाच्या डॉक्टरकडेच पळालो. निघालं काय तर हिमोग्लोबिन ७.८, आणि आयर्नच्या गोळ्या देऊन पण वाढेना कारण तिला सिलिॲक होता, गव्हाची पोळी आतड्याला चालत नव्हती म्हणून लोह शोषलंच जात नव्हतं. रक्त कमी म्हणून हृदय जोरात पळत होतं. गहू बंद केला, सहा-सात महिन्यांत धडधड गेली. फक्त एक सांगते, टेस्टच्या आधी स्वतःच्या मनाने गहू बंद करू नका, मग टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

बालरोग_डॉक:
मी बालरोगतज्ज्ञ आहे, इथून निदान करता येणार नाही पण कारण सांगतो. अन्ननलिका आणि हृदयाच्या वेदना मज्जारज्जूच्या जवळपास त्याच भागात पोचतात, त्यामुळे जळजळ कुठली हे मेंदूला नीट कळत नाही. शिवाय व्हेगस नस (म्हणजे मज्जातंतू, रक्तवाहिनी नाही) घसा, अन्ननलिका, जठर आणि हृदय सगळीकडे जाते. पोट गच्च भरून फुगलं की छाती आणि पोटामधला पडदा वर ढकलला जातो, ही नस डिवचली जाते आणि एखादा जास्तीचा ठोका पडतो. जर्मन डॉक्टर रोमहेल्ड यांच्या नावाने हा प्रकार ओळखतात. उशिरा भरपेट जेवून लगेच झोपणं हे त्याला आयतं निमंत्रण, जेवण आणि झोप यात दोन-तीन तास ठेवा.

पण सगळं पोटावर ढकलू नका. पळताना छातीत दुखलं, चक्कर येऊन पडला, किंवा घरात कोणी कमी वयात अचानक गेलं असेल तर लगेच सांगायचं. उलटंही होतं बरं का, हृदयाच्या स्नायूला सूज आली की लहान मुलांना आधी उलट्या आणि पोटदुखीच होते आणि सगळे गॅस्ट्रो समजून बसतात. जुलाब-उलट्या जास्त झाल्या तर पोटॅशियम घसरून पण ठोके बिघडतात.

सोलापूरची_आई:
डॉक्टर, खेळताना काहीच होत नाही, कबड्डी खेळतो चांगला. चक्कर नाही. पण तुम्ही विचारलं म्हणून आठवलं, माझे धाकटे दीर ३४व्या वर्षी झोपेतच गेले, कारण कधी कळलंच नाही. हे आम्हाला कोणी विचारलं नव्हतं आणि मला पण सांगायचं सुचलं नाही.

बालरोग_डॉक:
ताई, हे उद्यावर ढकलू नका, आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करून दिरांचं सांगा. इकोमध्ये हृदयाची रचना आणि पंपिंग दिसतं, ठोके चालवणाऱ्या विजेचा बिघाड त्यात दिसत नाही, आणि असा बिघाड घराण्यात असू शकतो. ईसीजीवरचा क्यूटी नावाचा अवकाश (ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ, तो लांबला तर ठोके बिघडू शकतात) मुद्दाम मोजून घ्या, २४ तासांचं होल्टर (ठोक्यांची सतत नोंद करणारं छोटं यंत्र) लावायचं का तेही विचारा. आणि गोळीतल्या डोम्पेरिडोनमुळे हा क्यूटी लांबू शकतो, म्हणून युरोपात २०१४ मध्ये त्याच्या वापरावर बंधनं घातली. तुमच्या मुलाला दुसरं नुसतं पित्ताचं औषध चालेल का हे त्याच फोनवर विचारा, आणि मधे घसा-बुरशीसाठी एरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनॅझोल कोणी दिलं तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगा.

सोलापूरची_आई:
फोन झाला. उद्या सकाळी १० वाजता जुना ईसीजी घेऊन बोलावलंय, आजची रात्रीची गोळी थांबवायला सांगितलीय. दिरांच्या वेळचे कागद सासूबाईंच्या ट्रंकेत आहेत, ते काढतेय आता.