बॉर्डर कॉलीला मेंढ्या हाकायला शिकवायचंय, इंदूरजवळ जमेल का?

राऊची_मीनल
नमस्कार मंडळी, आमच्याकडे दीड वर्षाचा बॉर्डर कॉली कुत्रा आहे, शेरू. सोसायटीत मुलं सायकली घेऊन निघाली की हा पोटावर दबून, मान खाली घालून, नजर रोखून त्यांच्या भोवती वळसे घालतो आणि सगळ्यांना एका कोपऱ्यात आणून उभं करतो, भुंकत नाही काही नाही, पण कोणी निसटलं तर टाचेला तोंड लावायला जातो, त्यामुळे मुलांच्या आया वैतागल्यात आणि बरोबरच आहे त्यांचं. फिरवणं, बॉल सगळं चालू आहे तरी त्याचं समाधान होत नाही. पावसाळा संपला की मारवाडकडचे मेंढीवाले उंट नि कळप घेऊन आमच्या बाजूनं जातात, शेतात मेंढ्या बसवतात. त्यांना विचारून, पैसे देऊन शेरूला शिकवता येईल का? स्पर्धा वगैरे नाही, छंद म्हणूनच.

बडोद्याचा_आनंद
ताई, तो वाईट वागत नाहीये, त्याचं कामच ते आहे. शिकारीतलं रोखून बघणं, दबा धरणं, पाठलाग करणं एवढं माणसानं राखलं आणि मारायचं तेवढं पिढ्यानपिढ्या निवडीतून मागे टाकलं. इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरची ही जात, 1893 मध्ये जन्मलेला ओल्ड हेम्प यांचा मूळपुरुष मानतात, तो नुसत्या नजरेनं मेंढ्या हलवायचा म्हणून तर त्याची एवढी पिल्लं घेतली लोकांनी.

कळपाच्या एका बाजूला तुम्ही उभ्या राहिलात की चांगला कॉली आपणहून बरोबर समोरच्या बाजूला जातो आणि मेंढ्या तुमच्याकडे आणतो, तुम्ही सरकलात की तोही सरकतो. पुढचं सगळं यावरच शिकवतात, घड्याळाच्या दिशेनं वळसा म्हणजे 'कम बाय', उलटा म्हणजे 'अवे'. तुम्ही मराठी शब्द ठेवले तरी चालतील, फक्त दोन्ही ऐकायला एकदम वेगळे हवेत. पण आधी 'बस'! आणि तेही पायाशी नाही, लांबवर सुसाट पळताना एका हाकेत जमिनीला चिकटला पाहिजे. हे पक्कं होईपर्यंत मेंढी दाखवूच नका.

महूचा_पशुवैद्य
मीनलताई, मी मेंढ्यांच्या बाजूनं बोलतो. मेंढीवाल्यांच्या डेऱ्यावरचे कुत्रे राखणीचे असतात, कळप हाकायचं काम मेंढपाळ स्वतः हाकाटी देऊन करतो. अनोळखी कुत्रा मागे लागला की मेंढ्या उधळतात, एकमेकींवर चढतात, पाय मोडतात, गाभण असेल तर गाभडू शकते. त्या माणसाचं पोट त्याच्यावर आहे. आणि डेऱ्यावरचे कुत्रे शेरूला फाडतील ते वेगळंच. त्यामुळे चालत्या कळपात अजिबात नको. ज्याच्या घरी थोड्या मेंढ्या कायमच्या आहेत असा शेतकरी शोधा, चार-पाच धडधाकट मेंढ्या, जाळीचं गोल कुंपण, शेरूला लांब दोरी, सकाळी उन्हं चढायच्या आत दहा मिनिटं. मेंढ्या धापा टाकायला लागल्या की थांबायचं, मग कुत्र्याला कितीही जोर आलेला असो.

रेबीजची लस तर हवीच, पण जंताचं औषध लोक विसरतात. कुत्र्याच्या शीतून टेपवर्मची अंडी चाऱ्यात जातात आणि मेंढीच्या मेंदूत पाण्याची गाठ होते, मग ती बिचारी एकाच बाजूला गोल गोल फिरत राहते. दुसऱ्या एका टेपवर्मच्या गाठी तर माणसाच्या लिव्हरमध्येही होतात. कच्चं मांस, आतडी कधीच घालू नका.

स्नेहा_विजयनगर
मेंढ्या मिळेपर्यंत ट्रायबॉल करून बघा ना! जर्मनीतून आलेला खेळ आहे, व्यायामाचे आठ मोठे बॉल कुत्र्यानं नाकानं, खांद्यानं ढकलत गोलपोस्टमध्ये आणायचे. आमची मिक्स ब्रीड आहे तरी वेड लागलंय तिला. आधी बॉलच्या पलीकडे चटई टाका आणि वळसा घालून तिच्यावर जाऊन बसायला शिकवा, ढकलणं नंतर. आनंददादा म्हणतायत तो लांबचा 'बस' पण यातच पक्का होतो.

राऊची_मीनल
मनापासून आभार सगळ्यांचे. गाभण मेंढ्यांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. डेऱ्यावर नाही नेत. देपालपूरकडे ओळखीच्यांच्या शेतावर मेंढ्या आहेत, त्यांना विचारते, तोवर ग्राउंडवर बॉल आणि 'बस'. डॉक्टर, जंताचं औषध कधी द्यायचं?

महूचा_पशुवैद्य
शेतावर न्यायच्या काही दिवस आधी. प्राझिक्वांटेल असलेली गोळी, डोस वजनावर असतो, तेव्हा आधी वजन करून तुमच्या डॉक्टरांना विचारा. गोळीनंतर दोन दिवस त्याची शी उचलून खोल पुरा, उघड्यावर टाकू नका.