मदत हवी आहे : प्रिंटर घ्यायचाय, पण टोनरचा हिशोब जुळत नाहीये

नमस्कार मंडळी,

मुलुंडला घरीच दहावीचे क्लास घेते. महिन्याला सातशे-आठशे पानं निघतात, सगळी ब्लॅक अँड व्हाइट. मागचा लेझर प्रिंटर स्वस्त मिळाला म्हणून घेतला. सोबतचा टोनर (छपाईच्या पावडरचा डबा) कमी भरलेला असतो हे तेव्हा ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच महिन्यात पानाच्या मधोमध फिकट पट्टा यायला लागला. काढून, हलवून परत बसवला की वीस-पंचवीस पानं निघायची, मग पुन्हा तेच. रिफिल केला, तर टोनरवरच्या चिपमुळे प्रिंटर तो घेईना. प्रिलिमच्या आदल्या रात्री भूमितीच्या आकृत्या इतक्या पुसट आल्या की मुलांसमोर फार वाईट वाटलं.

म्हणून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायच्या आधी तुम्हाला विचारतेय. खोक्यावरचा पानांचा आकडा पानाचा साधारण ५ टक्के भागच छापला जाईल असं धरून काढलेला असतो. आमच्या भरगच्च प्रश्नपत्रिकांना तेवढी पानं मिळणारच नाहीत. ड्रम (पावडर कागदावर उतरवणारा रोलर) टोनरपासून वेगळा असलेला घ्यावा का? टोनर स्वस्त पडतो, पण ड्रम बदलायचा खर्च एकदम अंगावर येतो. इंक टँक (शाई भरायचा प्रिंटर) नको वाटतो, कारण मे महिन्यात आम्ही गावी असतो आणि शाई हेडमध्ये सुकते.

बाटलीतून पावडर भरायचा लेझर कुणी तीन-चार वर्षं वापरलाय का? आणि जुन्या मॉडेलचा टोनर अजून सहज मिळतो का? बजेट पंधरा-सोळा हजार. मॉडेलचं नाव आणि टोनरला खरोखर किती पैसे पडले, एवढं कळवा.