ई. कोलायच्या रसायनानुचलनाचे प्रारूप: अनुकूलन का बिघडते?

प्रश्न: रसायनानुचलनात, म्हणजे जिवाणू रसायनांच्या मागावर पोहत असताना, आकर्षक रसायन असलेल्या अ‍ॅस्पार्टेटची पातळी वाढवून तशीच ठेवली, तरी ई. कोलायची गिरक्या घेण्याची वारंवारता काही मिनिटांत पूर्ववत होते. माझ्या समीकरणांत मात्र चे-आर या विकराचे (ग्राहींना, म्हणजे रसायन ओळखणाऱ्या प्रथिनांना, मिथिल गट जोडणाऱ्या) प्रमाण जरा बदलले की हे अचूक अनुकूलन नाहीसे होते. असे का व्हावे?

उत्तर १: आपले चे-बी (मिथिल गट काढणारे विकर) बहुधा सर्वच ग्राहींवरील मिथिल गट काढत असावे. बरकाई आणि लाइब्लर यांच्या १९९७ च्या प्रारूपात ते केवळ सक्रिय ग्राहींवर काम करते, तर चे-आर संपृक्त, म्हणजे सक्रियतेवर अवलंबून नसलेल्या कमाल वेगाने मिथिल गट जोडते; त्यामुळे स्थिर अवस्थेतील सक्रियता अ‍ॅस्पार्टेटच्या पातळीवर अवलंबून राहतच नाही.

उत्तर २: नियंत्रणशास्त्रात यालाच समाकल प्रतिपोष (इष्ट पातळीपासूनच्या फरकाची साठत जाणारी बेरीज वापरून तो फरक शून्यावर आणणे) म्हणतात. १९९९ च्या प्रयोगात चे-आरचे प्रमाण सुमारे ५० पटींपर्यंत बदलूनही अचूकता टिकली. अनुकूलनाचा काळ मात्र बदलला, आणि प्रारूपाची खरी कसोटी मला तिथेच दिसते.

प्रश्नकर्ता: चे-बीचे पद सक्रियतेशी जोडताच आलेख मूळ पातळीवर परतला. मनःपूर्वक आभार.