प्रतिसाद : परीक्षकाच्या शेऱ्यानंतर थांबलेलं लिखाण

ताई, ‘ही कथा नाही, गावगप्पा आहेत, भाषाही अशुद्ध’ या कथास्पर्धेच्या परीक्षकाच्या शेऱ्यानंतर तुम्ही वही मिटली, हे वाचून वाईट वाटलं. वर बऱ्याच जणांनी ‘दुर्लक्ष करा’ म्हटलंय. मला ते पटत नाही. तसं ठरवून दुर्लक्ष होत नसतं, रात्री तेच वाक्य डोक्यात घुमायलंय ना?

त्यापेक्षा शेऱ्याचे तुकडे करा. ‘गावगप्पा’ला विचारा, कोणत्या पानावर? उत्तर मिळालं तर तेवढं पान बघा. नाही मिळालं तर तो शेरा कथेवरचा नाहीच. ‘अशुद्ध’चं वेगळं. निवेदनात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सुधारा, त्यात कमीपणा नाही. पण परभणीकडची बाई ‘काय करायलीस?’ असंच विचारणार. तिच्या तोंडी पुस्तकी वाक्य घातलं की पात्र मेलंच.

आपल्या पैठणच्या एकनाथांनाही हे चुकलं नाही. भागवतावर मराठीत भाष्य लिहितात म्हणून काशीच्या पंडितांनी आक्षेप घेतला, असं परंपरा सांगते. नाथांनी ग्रंथ १५७३ मध्ये पुरा केला, तोही काशीतच! (आपल्याला निदान काशीला जावं लागत नाही.)

आणि पहिला खर्डा स्पर्धेला पाठवूच नका. आधी एखाद्या विश्वासातल्या वाचकाला द्या, ‘आवडली का?’ न विचारता ‘कुठं कंटाळा आला?’ विचारा. नातेवाईक शक्यतो नकोत, ते एकतर कौतुक करतात नाहीतर स्वतःला कथेत शोधतात.

ती कथा अजून आहे ना तुमच्याकडं? संवाद तसेच ठेवून पाठवा, मी वाचतो.