यंदाची माझी आवडती नाटकं, आणि त्यांचा एकुलता एक प्रयोग

तिसरी रांग, परभणी

यंदा नाटकं-एकांकिका धरून एकवीस बघितल्या. परभणी, नांदेड, लातूर, दोनदा संभाजीनगर, एकदा अंबाजोगाई. नावं मुद्दाम देत नाही. निम्म्यांचे स्पर्धेचे निकाल लागायचेत, आणि परीक्षकांपेक्षा आपले संघच लवकर चिडतात. ज्यांनी बघितलंय त्यांना कळेलच.

पहिला नंबर ऊसतोडीवरच्या नाटकाचा. दोनच पात्रं, नवरा-बायको. ऊसतोडीत जोडप्याला मिळून एक 'कोयता' म्हणतात, उचल म्हणजे आगाऊ पैसेही कोयत्यावरच मिळतात. म्हणजे मुकादमाच्या वहीत बाई वेगळी नसतेच. सगळं नाटक एवढ्या एका गोष्टीवर उभं आहे. नेपथ्य म्हणून खराखुरा ऊस, पाचटासकट. ती पोरगी बोलता बोलता मोळी बांधते, आणि लक्ष मोळीकडं, आमच्याकडं नाही. एकदा पाचटानं मनगटावर ओरखडा उठला. तिनं तो पदरानं पुसला आणि वाक्य जिथं तुटलं होतं तिथूनच उचललं. प्रयोगानंतर विचारलं तर म्हणाली, "लागलेलं आता कळायलंय, काका."

दुसरी लातूरच्या कॉलेजातल्या पोरांची एकांकिका. २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा ही लेकरं तिसरी-चौथीत असतील. रंगमंचावर अकरा घागरी आणि बाकी काही नाही. रिकामी, अर्धी आणि भरलेली, तिन्हींचा आवाज वेगळा. अंधारात नुसत्या आवाजावरून रांग कुठवर सरकली ते समजत होतं. प्लॅस्टिकची घागर वाजत नाही म्हणून पोरांनी गल्लीत फिरून स्टीलच्या मागून आणल्या होत्या. एक परत देताना चेपली, त्यावरून एका मावशीनं केलेला तमाशा हा वेगळाच प्रयोग.

तिसरं म्हणजे नांदेडला ऐकलेलं दत्ता भगतांच्या 'वाटा-पळवाटा'चं अभिवाचन. त्यातल्या काका, सतीश, अर्जुन या पात्रांचा वाद अजून शिळा झालेला नाही, एवढंच सांगतो.

दौऱ्यावर आलेलं एकही नाटक यादीत नाही, आणि ते विसरून नाही. मुंबई-पुण्याचं नाटक आलं की आपण पाचशे रुपये काढतो. कोयत्याच्या नाटकाचा मात्र स्पर्धेत झाला तेवढा एकच प्रयोग. पडदा पडला, दुसऱ्या संघाचं नेपथ्य लावायचं म्हणून रातोरात सगळं उतरवलं, आणि तो ऊस नाट्यगृहामागच्या टपरीवाल्याच्या म्हशीनं खाल्ला. राज्य नाट्य स्पर्धेनं साठी ओलांडली, पण आपल्या नाटकांचं आयुष्य अजून दोन तासांचंच. माझं म्हणणं एवढंच आहे की स्पर्धेच्या प्रत्येक केंद्रातल्या पहिल्या दोन नाटकांचे पाच-पाच प्रयोग प्रेक्षकांनी वर्गणी काढून तालुक्यांत लावावेत.

बाल्कनी, छत्रपती संभाजीनगर

काका, यादी छान, निष्कर्ष चुकला. दौऱ्याचं नाटक परकं कसं झालं? 'चारचौघी' लिहिणारे प्रशांत दळवी आणि बसवणारे चंद्रकांत कुलकर्णी इथलेच. 'गांधी विरुद्ध गांधी' अजित दळवींचं. ही मंडळी इथल्या तापडिया नाट्यमंदिरात आली तर पाहुणी कशी? तिकीट पाचशेचं असतं कारण त्या नाटकाला घासून-पुसून तयार केलेलं असतं. स्पर्धेचं नाटक पंचवीस तालमींत उरकतात, तीन अंकांचा शेवट रंगीत तालमीच्या दिवशी बदलतात, आणि मग 'प्रेक्षक येत नाहीत' म्हणतात. एकच प्रयोग होतो कारण बहुतेकांची लायकी तेवढीच असते. कडू लागेल, पण आहे.

तिसरी रांग, परभणी

तीन अंक आता कोण करतं? तुम्ही स्पर्धा शेवटची कधी बघितली ते कळलं.

आणि लायकी दहाव्या प्रयोगाला कळते हो. पहिल्या प्रयोगाला कळते ती फक्त धडधड. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आठवा. लिहिणारा राजकुमार तांगडे जांब समर्थचा, नट जालन्याकडचे, शेतीवाडी करणारे. नंदू माधव यांनी बसवलं आणि मुंबईत त्याचे प्रयोगावर प्रयोग झाले. ते एका स्पर्धेत एकदा होऊन म्हशीपुढं गेलं असतं तर तुम्ही आज त्यालाही हेच म्हणाला असता.

मधली घंटा, लातूर

दोघांचंही सोडा. माझा राग विषयावर आहे. पडदा उघडला आणि वरून दोर लोंबकळताना दिसला की मला पुढचा दीड तास पाठ असतो. दुष्काळ, सावकार, फास, हुंदका, निळा स्पॉट. बाहेरच्या परीक्षकाला मराठवाडा म्हणजे एवढंच वाटतं, आणि आपण त्याला तेच वाढतो. भाषा पण फोडणीपुरती. दर वाक्यात 'लई' घातलं की झाली म्हणे मराठवाडी! अहो, आमच्याकडं 'करूलालो' म्हणतात, परभणीत 'करायलो'. एकाच घरातला बाप एक बोलतो आणि पोरगा दुसरंच, आणि दिग्दर्शकाच्या कानाला ते खटकत नाही.

लक्ष्मण देशपांड्यांनी याच भाषेत एकट्यानं ५२ पात्रं उभी केली आणि 'वऱ्हाड निघालंय लंडनला'नं जगभर लोकांना हसवलं. आपण हसतो, टोमणे मारतो, लग्नात भांडतो. ते कुठं गेलं? काकांच्या यादीत पहिला ऊस, दुसरी घागर. विनोदी एक तरी?

तिसरी रांग, परभणी

हे मात्र लागलं. एकवीसमध्ये विनोदी चार होती, त्यांतल्या तिघांत पुरुषानं साडी नेसली की विनोद संपला. चौथं बरं होतं, पण माझ्या मागं एकजण मोबाईलवर मोठ्यानं कापसाचा भाव विचारत होता, त्यामुळं निम्मं ऐकूच आलं नाही. ते यादीत नाही यात नाटकाची चूक नाही.

विंगेतली, नांदेड

पाच प्रयोग तालुक्यांत, असं लिहायला सोपं आहे दादा. मी नऊ वर्षं काम करतेय. नाटक साडेनऊला संपतं, नेपथ्य उतरवून आवरेपर्यंत अकरा. शेवटची एसटी गेलेली असते. घरी परत कोण सोडणार, याचं उत्तर मिळेपर्यंत आईचे सहा फोन. आमच्या शहरात मी केलंय, पण तालुक्याला प्रयोग म्हटल्यावर दोनदा नाटक सोडलं. एका सभागृहात बायकांच्या मेकअप रूमला कडीच नव्हती. एकजण आत कपडे बदलायची, दुसरी बाहेर दार धरून उभी. त्या दारवालीची एंट्री आली तेव्हा दार धरायला प्रॉम्प्टर गेली, आणि इकडं रंगमंचावर मी वाक्य विसरले.

वर्गणी काढायचीच तर आधी गाडीसाठी काढा. आणि हो, बाईच्या वाट्याला रडण्याशिवाय काही लिहा. कोयत्याचं नाटक मी पण बघितलं. मला ते आवडलं कारण ती त्यात रडत नाही, हिशोब करते.

लाइटवाला, बीड

बाल्कनीदादा, पंचवीस तालमी म्हणून हिणवू नका. आमचा नायक वाळूजला कारखान्यात शिफ्टमध्ये, खलनायक झेडपी शाळेवर, संगीतवाला डीजेच्या सुपाऱ्यांवर. सगळे एकत्र येतात रात्री नऊला. त्यातल्या दहा तालमींत कोणीतरी नसतंच, त्याचे संवाद मी म्हणतो. तालुक्याचं म्हणाल तर लग्नसराईत मंगल कार्यालय मिळत नाही, आणि मिळालं तर व्होल्टेज मिळत नाही. एकदा चार स्पॉट एकदम लावले आणि सगळा हॉल अंधारात. लोकांना वाटलं ब्लॅकआउट, टाळ्या वाजल्या.

तरी पाचऐवजी दोन प्रयोग म्हणत असाल तर माझे लाइट भाड्याशिवाय. डिझेल द्या.

बाल्कनी, छत्रपती संभाजीनगर

तीन अंकांचं मागं घेतो. बाकीचं नाही. लाइट फुकट, नट फुकट, असं करूनच आपण नाटक स्वस्त केलं. फुकट मिळालेल्या गोष्टीला प्रेक्षक उशिरा येतो आणि फोनवर कापूस विकतो. दीडशे रुपये तिकीट लावा, त्यातून विंगेतली ताईंच्या गाडीचे पैसे आधी बाजूला काढा, मग मी येतो. मागच्या रांगेत बसेन आणि खराब असेल तर इथंच येऊन लिहीन.

तिसरी रांग, परभणी

दीडशे जास्त आहेत. शंभर. मोळीला ऊस दर प्रयोगाला ताजा लागतो, तो माझ्याकडं.

मधली घंटा, लातूर

लातूरला आणलं तर माझी चार तिकिटं धरा. आणि त्या बाप-लेकांच्या भाषेचं आधी बघा, नाहीतर मी पहिल्या रांगेतून ओरडून दुरुस्त करूलालो बघा.