मदत हवी आहे : लेबलवर काकवीला इंग्रजीत काय लिहायचं?

नमस्कार मंडळी,

वाळवा तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. यंदा गुळाबरोबर काकवीही बाटल्यांत भरून परराज्यात पाठवायची आहे, म्हणून लेबल इंग्रजीतही हवं. छपाईवाल्याने गुळाला 'जॅगरी' आणि काकवीला 'मोलॅसिस' असा नमुना पाठवलाय. हा दुसरा शब्द मला अजिबात पटत नाही.

मोलॅसिस म्हणजे साखर कारखान्यातली मळी. साखरेचे दाणे काढून घेतल्यावर उरते ती. तिचं स्पिरिट करतात. काकवीतून काहीच काढून घेतलेलं नसतं. काहिलीत रस तापला की भेंडीचं चिकट पाणी घालायचं, वर आलेली घाण झाऱ्याने काढत राहायची. पुढे पाक साधारण १०५ अंशांना उतरवला की काकवी, तोच ११८ च्या आसपास गेला की गूळ. सासरे चुलवाणासमोर उभे राहून ही वेळ साधतात. त्यांच्या काकवीवर मळीचं नाव मी घालणार नाही.

'जॅगरी'बद्दलही शोधाशोध केली. पोर्तुगीजांच्या 'जागरा'वरून तो इंग्रजीत गेला, त्यांनी घेतला मल्याळम 'चक्करा'वरून, आणि मुळाशी आपली 'शर्करा'. 'शुगर'ही तिचीच लेक, फक्त फारसी-अरबीच्या वाटेने गेलेली. पण १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात जॅगरी म्हणजे ताड-माडाच्या रसाची जाडीभरडी साखर, असा अर्थ आहे. श्रीलंकेत आजही माडाच्या गुळाला हाच शब्द आहे. म्हणून आपल्या गुळावर नुसतं 'जॅगरी' न छापता 'केन जॅगरी' छापावं, म्हणजे उसाचा आहे हे कळेल, असं माझं मत आहे. बरोबर वाटतं का?

काकवीसाठी 'लिक्विड जॅगरी' आणि 'केन सिरप' असे दोन शब्द डोक्यात आहेत. माझा कल पहिल्याकडे, कारण सिरप म्हटलं की लोकांना साखरेचा पाक वाटेल. एक किलोच्या ढेपेला 'ब्लॉक' म्हणू की 'लंप'? नमुन्यात 'जॅगरीज' असं अनेकवचन आहे, ते मी खोडलंय. शुगरसारखाच हाही शब्द मोजून वापरत नाहीत.

कराड, कोल्हापूरकडून गूळ-काकवी बाहेर पाठवणारं कुणी इथे असेल तर तुमच्या लेबलवर काय छापता ते कृपया सांगा, जमल्यास फोटोही टाका. छपाई या आठवड्यातच करायची आहे.